सी ऑफ थीव्ज: खजिना सापडतो, पण सोनं होईपर्यंत हातात राहत नाही. नेमकं कुठे चुकतं?

तास-दीड तास बेटं पालथी घातली, जहाजावर आठ-दहा पेट्या रचल्या आणि खेळ बंद करताना सोन्याचा आकडा जवळपास होता तिथेच. सी ऑफ थीव्ज या समुद्री चाच्यांच्या ऑनलाइन व्हिडिओ गेममध्ये ही अडचण नव्या खेळाडूला पहिल्या आठवड्यात येते आणि जुन्यालाही अधूनमधून येतच राहते. कारण या खेळात पेटी उकरल्याने काहीच मिळत नाही. ती योग्य माणसाच्या हातात दिली की त्या क्षणी सोनं जमा होतं. तोवर ती पेटी समुद्रावर जो उचलेल त्याची. त्यामुळे ‘खजिना मिळत नाही’ या एका तक्रारीत खरं तर चार वेगळे बिघाड असतात: पेटी सापडत नाही, सापडलेली वाटेत जाते, दुकानदार घेत नाही, किंवा घेतो पण भाव पडतो. आपला बिघाड यातला कोणता ते आधी ठरवा. बहुतेकांचा दुसरा असतो आणि ते उपाय मात्र पहिल्यावर शोधत बसतात.

आधी एक खबरदारी. खेळ मार्च २०१८ मध्ये आला आणि तेव्हापासून त्यात बरंच बदललं आहे. जुन्या व्हिडिओंमध्ये खेळातल्या एखाद्या व्यापारी कंपनीच्या तंबूत जाऊन मोहीम विकत घ्या, जहाजावर आणून टेबलावर ठेवा आणि मत द्या, असं सांगतात. जानेवारी २०२४ च्या अकराव्या सीझनपासून मोहीम जहाजावरच्या क्वेस्ट टेबलावर निवडता येते आणि तिथूनच पाण्याखालून बुडी मारून थेट बेटाजवळ निघता येतं. या सोयीमुळे एक नवा तोटाही आला आहे. तो पुढे येईलच.

खणून खणून हात दुखले, पेटी लागत नाही

एक्सच्या खुणेचा नकाशा असेल तर चूक तीनपैकी एक असते. पहिली म्हणजे बेटच वेगळं असतं. बेट ओळखायचं ते आकारावरून, आणि काही बेटांच्या कडा सारख्या दिसतात. जहाजाच्या मोठ्या नकाशावर आकार जुळवताना फक्त बाह्यरेषा पाहू नका. आतली तळी, खडकांची टोकं, लगतचे सुटे खडक हेही जुळले पाहिजेत. दुसरी चूक दिशेची. नकाशाची वरची बाजू म्हणजे उत्तर. होकायंत्र काढा, उत्तरेकडे तोंड करून उभे राहा आणि मग नकाशा पाहा. तुम्ही दक्षिणेकडे पाहत असाल तर डावं-उजवं उलटं होतं, आणि ही चूक घाईत कोणाकडूनही होते. तिसरी चूक उंचीची. नकाशा सपाट आहे, बेट नाही. एक्स कड्याच्या माथ्यावर दिसतो तेव्हा प्रत्यक्ष जागा त्याच्या खालच्या गुहेत असू शकते, किंवा उलट. वर चार-पाच खड्डे कोरडे गेले की तिथेच पन्नास खड्डे पाडू नका, खाली उतरून पाहा.

खड्डे पाडण्याचीही पद्धत ठेवा. जवळची दोन ठळक ठिकाणं घ्या, समजा एक मोठा खडक आणि पाण्याची कड, आणि एक्स त्या दोघांपासून किती दूर दिसतो ते पाहा. मग मधोमध एक खड्डा, त्याच्या चारही बाजूंना एकेक. कठीण दगडावर फावडं चालत नाही, तिथे खड्डाच पडत नाही. अशा वेळी पेटी शेजारच्या मातीत किंवा वाळूत असते. फावडं लाकडावर आपटल्याचा आवाज आला की त्याच जागी आणखी वार करा, पेटी पूर्ण वर येईपर्यंत.

कोड्याच्या नकाशात गडबड वेगळी होते. तिथे शेवटची जागा अंदाजाने ओळखून आधीच खणून उपयोग नाही. प्रत्येक ओळ पूर्ण झाली की पुढची ओळ उमटते, आणि पेटी शेवटची ओळ उमटल्यावरच मिळते. ‘कंदील उंच धर’ असं लिहिलं असेल तर कंदील नुसता हातात घेऊन भागत नाही, तो वर उचलावा लागतो. ‘वाद्य वाजव’ म्हटलं की कोणतंही वाद्य चालतं. ‘इथे नकाशा वाच’ असेल तर सांगितलेल्या खुणेपाशी उभं राहून नकाशा वर धरायचा. काहीच घडलं नाही तर बहुधा खूण चुकली आहे. खडकांवरची चित्रं एकाच बेटावर अनेक असतात, त्यामुळे कोड्यातला प्राणी आणि दिशा दोन्ही पडताळा.

पावलं मोजताना होकायंत्र नुसतं हातात धरू नका, वर उचलून चाला. तेव्हा चाल मंद होते आणि एक पाऊल म्हणजे कोड्यातलं एक पाऊल पडतं. धावत मोजलेली बारा पावलं कधीच जुळत नाहीत. सुरुवात खुणेच्या अगदी पायथ्याशी करा. वाटेत झाड आलं तर त्याला वळसा घालून पुन्हा त्याच रेषेवर या. मुक्कामी पोचलात की पहिला खड्डा तिथे आणि मग एक-एक पाऊल पुढे, मागे, बाजूला. दिशा सोळा आहेत हेही लक्षात असू द्या. ‘उत्तर’ आणि ‘उत्तर-उत्तर-पूर्व’ यांतला फरक वीस पावलांवर चांगलाच जाणवतो.

ऑर्डर ऑफ सोल्स या कंपनीच्या मोहिमेत खणायचं काही नसतं, सांगाड्यांच्या सरदाराला मारून त्याची कवटी घ्यायची असते. सांगाडे मरत नाहीत ही तक्रार आली की आधी त्यांचा रंग पाहा. सोन्याच्या सांगाड्यांना तलवार आणि गोळी फारशी लागत नाही, त्यांच्यावर बादलीभर पाणी फेका, गंज धरून ते मंदावतात. दारूगोळ्याचं पिंपही त्यांना चांगलं लागू पडतं. काळे, सावलीसारखे सांगाडे अंधारात घायाळ होत नाहीत, त्यांच्यावर कंदिलाचा उजेड पाडला की ते ठोस होतात. अंगावर वेली असलेल्यांना मात्र पाण्याने उलट जोर येतो, त्यांच्याशी कोरड्या जमिनीवरच लढा. सरदार कड्याच्या टोकाशी मरू देऊ नका, कवटी घरंगळत खाली जाते आणि मग ती शोधण्यात पाच मिनिटं जातात.

पेटी मिळाली, पण जहाजापर्यंत पोचेना

पेटी हातात असताना तलवार चालवता येत नाही, बंदूकही नाही. म्हणून एकाने उचलायचं आणि दुसऱ्याने मोकळ्या हाताने पुढे चालायचं. एकटे असाल तर आधी वाट साफ करा, पेटी नंतर उचला. जलपरीकडून जहाजावर परतण्याची सवय लागलेली असते, पण ती फक्त माणसाला नेते. हातातलं सगळं मागे समुद्रात तरंगत राहतं. हा घोटाळा नव्यांच्या हातून एकदा तरी होतोच.

हार्पूनचा, म्हणजे दोर लावलेला भाला फेकून वस्तू ओढणाऱ्या यंत्राचा, वापर बहुतेक जण पुरेसा करत नाहीत. एप्रिल २०१९ पासून तो जहाजाच्या पुढच्या टोकाला आहे, आणि तो पाण्यातली तसंच किनाऱ्यावरची पेटीही ओढतो. जहाज किनाऱ्याला टेकवून उभं करण्यापेक्षा नाळ, म्हणजे पुढचं टोक, बेटाकडे वळवून थोडं दूर थांबवा, एकाने पेट्या वाळूवर आणून ठेवायच्या आणि दुसऱ्याने ओढायच्या. प्रत्येक पेटीमागचं पोहणं वाचतं. पाच-सहापेक्षा जास्त पेट्या असतील किंवा बेट मोठं असेल तर छोटी होडी शोधा. होडी जहाजाच्या मागच्या बाजूला अडकवता येते आणि त्यातला माल तसाच त्यात राहतो. डेव्हिल्स रोअर भागात तर होडीशिवाय जाऊच नये असं आमचं मत आहे. ज्वालामुखी फुटला की दगड जहाजाला भोकं पाडतात आणि आसपासचं पाणी उकळून माणसाला भाजतं. जहाज बेटापासून लांब उभं करून होडीने ये-जा केली की निम्मा धोका टळतो.

काही पेट्या स्वतःच उपद्रवी असतात. रडणारी पेटी, म्हणजे चेस्ट ऑफ सॉरो, थोड्या थोड्या वेळाने रडते आणि जहाजात पाणी भरतं. ती जहाजावर असेपर्यंत एकाच्या हातात बादली हवीच, आणि एकट्याने खेळत असाल तर ती घेतल्यावर थेट आउटपोस्ट, म्हणजे दुकानदारांचं बेट, गाठा, दुसऱ्या बेटाच्या मोहात पडू नका. चेस्ट ऑफ अ थाउझंड ग्रॉग्ज उचलणारा झिंगतो. थोडं चाला, खाली ठेवा, शुद्धीवर या, पुन्हा उचला. जहाजाच्या फळीवरून तोल जाऊन पडणं याच पेटीपायी सर्वाधिक होतं. चेस्ट ऑफ रेज तापत जाते आणि फुटली की आजूबाजूला आग लागते, तिच्यावर वेळीच पाणी ओतत राहा. दारूगोळ्याची पिंपं तळमजल्यावर पेट्यांच्या शेजारी ठेवणं ही तर सरळ चूक आहे. बाहेरून लागलेली एक गोळी पुरते. ती डोलकाठीवरच्या टेहळणीच्या जागी ठेवा किंवा होडीत.

व्यापाऱ्यांच्या मालाचे नियम निराळे. मर्चंट अलायन्सच्या मालवाहू मोहिमेत कापड ओलं होऊ द्यायचं नाही, रोपट्यांना पाणी द्यायचं, रमच्या बाटल्यांना धक्का लागू द्यायचा नाही. बाटल्यांची पेटी घेऊन उडी मारलीत तर माल फुटतो आणि भाव उतरतो. कापडाची पेटी तळमजल्यावर ठेवू नका, जहाजाला एक भोक पडलं तरी पहिलं पाणी तिथेच येतं. डुकरांना वेळेवर खायला घाला, नाहीतर ती मरतात. सापाचा पिंजरा हातात असेल तर तो विष फेकतो. वाद्य वाजवलं की तो शांत होतो.

जहाजावर होतं, मग गेलं कुठे?

इथे आधी बुडीचा तोटा. क्वेस्ट टेबलावरून पुढच्या मोहिमेला बुडी मारलीत तर जहाजावरचा न विकलेला खजिना तुमच्यासोबत येत नाही, तो वरच पाण्यावर तरंगत राहतो. लाकडं, गोळे, फळं मात्र पिंपांत जशीच्या तशी असतात, त्यामुळे आपलं सगळं सोबत आलं असा समज होतो. उपाय एकच: बुडी मारण्यापूर्वी सगळं विका. जहाजावर एक जरी पेटी असेल तर शीड उघडून जा.

दुसरं, खेळ बंद केल्यावर खजिना टिकत नाही. पूर्ण क्रूने सत्र सोडलं की जहाज जातं आणि माल जातो. ‘उद्या विकू’ हा पर्याय या खेळात नाही. थांबायची वेळ ठरलेली असेल तर तिच्या वीस मिनिटं आधी शेवटचं बेट सोडा. खजिना पुरून ठेवण्याची सोय पाचव्या सीझनपासून, म्हणजे डिसेंबर २०२१ पासून आहे, पण तिला तिजोरी समजू नका. ती त्याच सत्रात दुसऱ्याला शोधायला लावण्यासाठी आहे.

तिसरं कारण वादळ आणि लाल पाणी. वादळात होकायंत्र भरकटतं, सुकाणू आपोआप फिरतं, पाऊस जहाजात साचतो. मालासकट वादळातून जाण्याने वेळ वाचत नाही. नकाशाच्या कडेबाहेर पाणी लालसर झालं की जहाजाला भोकं पडायला लागतात, तिथून लगेच वळा.

आणि चौथं, अनोळखी क्रू. खुल्या क्रूमध्ये कोणीही येऊ शकतं, आणि तुमच्या जहाजाचा नांगर भर समुद्रात कोणीही टाकू शकतं. मोठी लूट करायची असेल तर बंद क्रू निवडा. विकलेल्या मालाचं सोनं क्रूमध्ये वाटून मिळत नाही, प्रत्येकाला पूर्ण रक्कम मिळते. म्हणून माणूस वाढवल्याने वाटा कमी होईल ही भीती बाळगू नका, फक्त माणूस विश्वासाचा पाहा.

दुकानदार घेत नाही

हा सर्वांत सोपा बिघाड. प्रत्येक वस्तूचा गिऱ्हाईक ठरलेला आहे. पेट्या आणि सोन्याच्या मूर्ती, प्याले असल्या वस्तू गोल्ड होर्डर्सच्या तंबूत. कवट्या ऑर्डर ऑफ सोल्सकडे. क्रेट, जनावरं, दारूगोळ्याची पिंपं धक्क्यावरच्या मर्चंट अलायन्सच्या माणसाकडे. मासे आणि मांस हंटर्स कॉलकडे. अथेनाज फॉर्च्यूनच्या हिरवट चमकणाऱ्या वस्तू दारूच्या गुत्त्यात बसलेल्या अनोळखी इसमाकडे. माणिक, पाचू, नीलम यांसारखी जलपरीची रत्नं कोणतीही व्यापारी कंपनी घेते, त्यामुळे जो तंबू सर्वांत जवळ तिथे ती द्या. व्यापाऱ्यांच्या मोहिमेतला माल ठरलेल्या ठिकाणच्या ठरलेल्या माणसालाच द्यायचा असतो, मुदतीच्या आत. दुसऱ्या आउटपोस्टवर गेलात आणि तो घेत नाही म्हणून वैतागलात, तर आधी मोहिमेच्या कागदावरचं नाव वाचा.

मासे शिजवून विकले तर जास्त मिळतात, पण वेळ चुकवू नका. साध्या माशाला सुमारे ४० सेकंद, मोठ्या बक्षिसी माशाला ९०, कोंबडी-डुक्कर-साप-शार्कच्या मांसाला ६०, क्राकेन आणि मेगालोडॉनच्या मांसाला १२० सेकंद. तव्यावर टाकून तोफेकडे गेलात की जळतं आणि भाव कोसळतो.

स्वतःचं नावाचं जहाज घेतलं असेल तर या सगळ्या पायपिटीची गरजच नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये कप्तानपदाची सोय आली तेव्हापासून प्रत्येक आउटपोस्टवर सॉव्हरिन्सचा मंडप आहे आणि तिथे पेट्या, कवट्या, क्रेट सगळं एकाच ठिकाणी देता येतं. मंडपाशी हार्पूनही आहेत, जहाज योग्य अंतरावर उभं केलंत तर थेट जहाजावरून माल ओढता येतो. ‘सॉव्हरिन्स माझं घेत नाहीत’ याचं कारण जवळपास नेहमी हेच असतं की जहाज कप्तानाचं नसून साधं आहे. थोडं सोनं जमलं की कपड्यांवर आणि रंगीत शिडांवर उधळण्याआधी स्लूप या सर्वांत लहान जहाजाचं कप्तानपद घ्या, असं आम्ही आग्रहाने सांगू. विकायला लागणारा वेळ हाच सर्वांत मोठा धोका आहे आणि तो वेळ याने सर्वाधिक घटतो.

नकाशावर आय-१२ या चौकोनातला रीपर्स हाइडआउट पेट्या, कवट्या, क्रेट सगळं घेतो, कप्तानपद असो वा नसो. पण नावलौकिक जमा होतो तो रीपर्स बोन्स या लुटारू कंपनीच्या खात्यात, मूळ कंपनीच्या नाही. शिवाय ती जागा नकाशाच्या मध्यावर आहे आणि भांडायला उत्सुक असलेली जहाजं तिथेच घिरट्या घालतात. आपण रीपर्सचा झेंडा लावलेला नसेल तर तिकडे माल नेण्यात शहाणपण नाही.

सगळं विकलं, पण सोनं कमीच

पहिला प्रश्न: तुम्ही सेफर सीजमध्ये आहात का? डिसेंबर २०२३ मध्ये ही इतर क्रू नसलेल्या शांत पाण्याची सोय सुरू झाली तेव्हा तिथे मिळणारं सोनं ३० टक्क्यांवर ठेवलं होतं आणि कंपन्यांच्या पातळीला ४० ची मर्यादा होती. नकाशे वाचायला, जहाज हाकायला शिकण्यासाठी ती जागा उत्तम आहे. लूट जमवायची असेल तर हाय सीजमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक समुद्रात, यावं लागतं.

दुसरा प्रश्न एमिसरी झेंड्याचा, म्हणजे आपण एखाद्या कंपनीचे प्रतिनिधी असल्याच्या झेंड्याचा. कंपनीच्या टेबलावर २०,००० सोनं देऊन झेंड्याचा हक्क एकदा घ्यायचा आणि मग प्रत्येक सत्रात मत देऊन तो चढवायचा. झेंड्याच्या पाच पातळ्या, म्हणजे ग्रेड, असतात. ग्रेड १ ला भाव मूळचाच. ग्रेड २ ला १.३३ पट, ग्रेड ३ ला १.६७ पट, ग्रेड ४ ला दुप्पट आणि ग्रेड ५ ला अडीच पट. म्हणजे १,००० ची पेटी ग्रेड ५ ला २,५०० ला जाते. भाव मोजला जातो तो पेटी उकरताना कोणता ग्रेड होता यावर नाही, विकताना कोणता आहे यावर. आणि वाढ फक्त त्या कंपनीच्या मालावर मिळते. गोल्ड होर्डर्सचा झेंडा लावून कवट्या विकल्यात तर कवट्यांना मूळ भावच मिळतो. दिवसभर कवट्या गोळा करायच्या आणि झेंडा पेट्यांचा, ही चूक फार जण करतात. रीपर्सचा झेंडा सगळ्या मालाला लागू होतो, मात्र त्यासाठी माल हाइडआउटवरच विकावा लागतो, आणि रीपर्सची जहाजं सगळ्यांच्या नकाशावर दिसतात.

झेंडा उतरवल्यावर वरकड सोनं मिळतं हे ऐकून काही जण आउटपोस्टवर पोचताच आधी झेंडा उतरवतात आणि मग माल विकतात. अडीच पटीचा माल तिथेच मूळ भावावर येतो. क्रम नेहमी असाच ठेवा: शेवटची पेटी विका, जहाजाचे सगळे मजले आणि होडी पुन्हा तपासा, मगच झेंडा उतरवायला मत द्या.

ग्रेड ५ होईपर्यंत सगळा माल जहाजावर साठवायचा का? इथे आकडेमोड करून पाहा. ग्रेड १ ला विकलेला माल एक पट, ग्रेड ५ चा अडीच. म्हणजे १० वेळांपैकी निदान ४ वेळा तुम्ही सुखरूप पोचत असाल तर थांबणं परवडतं. ग्रेड ३ वरून थांबायचं तर १० पैकी सुमारे ७ वेळा पोचायला हवं. ग्रेड ४ वरून ५ साठी थांबण्यात फायदा फक्त चौथ्या हिश्शाचा आहे, तिथे १० पैकी ८ वेळा सुखरूप पोचत असाल तरच बरोबरी होते. यावरून सल्ला सरळ निघतो. सुरुवातीला, जहाजावर माल थोडा असताना थांबा. ग्रेड ४ झाला आणि जहाज भरलेलं आहे तर जे आउटपोस्ट जवळ असेल तिथे विकून टाका. माल विकल्याने ग्रेड खाली येत नाही. झेंडा तसाच ठेवून रिकाम्या जहाजाने पुढे जा, ग्रेड ५ पुढच्या बेटावर होईल.

जहाज बुडालं तर झेंडा आणि ग्रेड दोन्ही जातात, आणि बुडवणारा तो झेंडा रीपर्सना विकतो. ग्रेड ५ चा रीपर्स तर इतर एमिसरी जहाजं थेट नकाशावर पाहतो. म्हणजे झेंडा लावणं हे स्वतःच आमंत्रण आहे, हे धरूनच चला.

दुसऱ्या जहाजाशी युती केली तर त्यांनी विकलेल्या मालाच्या निम्मं सोनं तुमच्या क्रूला मिळतं आणि तुमच्यातलं निम्मं त्यांना. तुमचं स्वतःचं काही कापलं जात नाही. पण युती म्हणजे तह नव्हे. झेंडा उतरवून शेवटच्या क्षणी ते तुमच्यावर तोफा वळवू शकतात.

आउटपोस्टच्या दारात लुटले जाता

लूट सर्वाधिक इथेच जाते. खजिना असलेलं जहाज शेवटी आउटपोस्टवर येणारच, हे सगळ्यांना माहीत असतं.

किनारा दिसायला लागला की थांबून दुर्बिणीतून पूर्ण फेरी घ्या. डोलकाठीचं टोक खडकामागे डोकावतं का? आपला सगळा क्रू जहाजावर असताना पाण्यात जलपरी दिसली तर ती दुसऱ्याच कोणाची आहे. याचा अर्थ बेटावर कोणीतरी आपल्या जहाजापासून दूर, बहुधा लपून बसलेलं आहे. अशा वेळी सरळ पुढच्या आउटपोस्टकडे वळा. आठ मिनिटांचा प्रवास वाढेल, पण तासाभराचा माल वाचेल. रात्री येत असाल तर जहाजावरचे सगळे कंदील विझवा.

नांगर टाकू नका. हा नियम लोकांना विचित्र वाटतो, कारण नांगर टाकल्याशिवाय जहाज थांबत नाही असं वाटतं. शिडं थोडी आधीच गुंडाळली तर जहाज आपल्या वेगाने सरकत येऊन धक्क्याजवळ थांबतं. नांगर वर काढायला वेळ लागतो, गॅलियन या सर्वांत मोठ्या जहाजावर एकट्याने तर फारच, आणि हल्ला होतो तेव्हा तेवढा वेळ मिळत नाही. नाळ समुद्राकडे असेल अशा बेताने या, म्हणजे शीड सोडलं की निघालात. जहाज टेकवताना माल मंडपाच्या बाजूला येईल हेही पाहा.

विकायचा क्रम किमतीवरून ठरवा. अथेनाचा माल आणि मोठ्या मोहिमांतल्या पेट्या आधी, साध्या कास्टअवे पेट्या शेवटी. बरेच जण जे हाताला लागेल ते उचलतात, आणि हल्ला झाला की सर्वांत महाग वस्तू तळमजल्यावर तशीच असते. दोघे असाल तर एक विकतो आणि एक जहाजावरच राहतो, शिडीजवळ, कान उघडे ठेवून. पाण्यातून कोणी शिडी धरली की आवाज येतो. दोघेही एकदम मंडपात गेलात तर जहाज उघडं पडलं. एकटे असाल तर दर दोन-तीन फेऱ्यांनंतर एकदा क्षितिज पाहा.

मागे जहाज लागलंच आणि पळणं शक्य नसेल तर मालाचं ओझं विभागा. सर्वांत मोलाच्या तीन-चार वस्तू होडीत टाका, एकाने होडी घेऊन खडकांमागून आउटपोस्ट गाठायचा आणि जहाजाने पाठलाग करणाऱ्याला उलट्या दिशेला ओढत न्यायचं. पाठलाग करणारे जहाजाकडे पाहत असतात, होडीकडे क्वचितच. पेट्या टेहळणीच्या जागी किंवा नाळेच्या टोकावर लपवणं मात्र फारसं उपयोगी नाही, जहाज बुडालं की सगळं तरंगून वर येतंच.

आणि जहाज बुडालंच तर हार मानण्याआधी नकाशावरचा चौकोन लक्षात घ्या, अक्षर आणि आकडा दोन्ही. नवं जहाज दूर कुठेतरी मिळतं. तरंगणारा माल कायम राहत नाही, पण लगेच नाहीसाही होत नाही. लुटणाऱ्यांनी घाईत चार-दोन वस्तू सोडलेल्या असतात. नव्या जहाजावर आधी लाकडं आणि गोळे भरायला थांबू नका. सरळ त्या चौकोनाकडे निघा, आकाशात घिरट्या घालणारे समुद्रपक्षी शोधा आणि त्यांच्या खाली हार्पूनने जे मिळेल ते ओढून घ्या. ते घेऊन मात्र सर्वांत जवळच्या आउटपोस्टवर जा, मग तिथे गिऱ्हाईक कोणतंही असो.